बाबा, तुमच्या फोनमध्ये मी काय केलं ते

डोंबिवली
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. न.

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. एवढं व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर बाबांनी चार ओळी वाचून अंगठा पाठवला असता, आणि आईला चष्मा सापडेपर्यंत स्क्रीन विझली असती. म्हणून कागद. आई, तू मोठ्याने वाच. बाबांना झोपाळ्यावर बसव आणि मधे उठू देऊ नकोस.

आधी केलंय ते सांगून टाकते. बाबा, मागच्या शनिवारी मी आले ती फणसाच्या भाजीसाठी नव्हे. दुपारी तुमचा डोळा लागला तेव्हा मी तुमचा फोन उघडला. कुलूप पहिल्याच फटक्यात उघडलं, माझी जन्मतारीख. (ती बदला. खाली लिहिलंय.) आणि पेन्शनच्या खात्याचं यूपीआय मी काढून टाकलं. खातं तसंच आहे, पेन्शन तशीच जमा होणार, पासबुक, चेकबुक, एटीएमचं कार्ड सगळं तुमच्याच कपाटात आहे. फक्त फोनवरून त्या खात्यातला एक रुपयाही आता हलणार नाही.

विचारायला हवं होतं, कबूल. विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असतात. तुमच्या ‘बघू’ला आपल्या घरात काय अर्थ आहे हे गच्चीच्या गळतीपासून सगळ्यांना माहीत आहे. शिवाय विचारायचं तर फोनवरून फसवून नेलेल्या त्या चाळीस हजारांचा विषय निघणार, आणि तो निघाला की तुम्ही ताटावरून उठता. दोनदा उठलात. तिसऱ्यांदा मला बघवलं नसतं.

त्या चाळीस हजारांबद्दल एकदाच लिहिते, पुन्हा कधी काढणार नाही. तुम्ही मूर्ख नाही आहात. हे मी समजूत काढायला म्हणत नाही. चौतीस वर्षं तुम्ही पोस्टात काढलीत. मनीऑर्डर द्यायची तर माणूस ओळखीचा असला तरी सही, नाहीतर अंगठा आणि साक्षीदार. त्या वाठारच्या म्हातारीला तुम्ही साक्षीदार नाही म्हणून परत पाठवलंत आणि मग रात्रभर तुम्हालाच झोप नव्हती, हे मला अजून आठवतं. त्या लोकांनी नेमकं तिथेच पकडलं तुम्हाला. व्हॉट्सॲपवर आलेल्या त्या कागदावर जावक क्रमांक होता, तारीख होती, गोल शिक्का होता. ज्याने जन्मभर शिक्का खरा मानला आणि खरा मारला, त्याला खोटा शिक्का दिसणार कसा? माझ्यासारखीला दिसला असता, कारण मी कुठल्याच कागदावर विश्वास ठेवत नाही. तो काही माझा मोठेपणा नाही.

आणि ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही कायद्यात नसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तेच सांगितलं होतं, थांबा, विचार करा, मग कृती करा, तुम्ही रेडिओवर ऐकून मलाच फोन केला होतात, ‘तू सांभाळ, तुमच्या मुंबईकडे फार चालतं’ म्हणून. मग अमिताभच्या आवाजातली ती सूचना महिनोन् महिने प्रत्येक फोनच्या आधी ऐकली. आपण वैतागलो, पण ऐकली. तरीही ज्या दिवशी गणवेशातला माणूस स्क्रीनवर येऊन म्हणाला की तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, त्या दिवशी ऐकलेलं काहीच कामाला आलं नाही. तुम्हीच सांगायचात ना, तार आली की लोक आधी रडायचे आणि मग वाचायला द्यायचे. तसंच झालं. फरक एवढाच की तार वाचून दाखवायला तिथे तुम्ही असायचात.

त्यातून सुटलात ते आईमुळे. आई, तू आत येऊन ‘साहेब, यांच्या जेवणाची वेळ झाली, गोळी घ्यायची असते, तुम्ही दोननंतर करा’ म्हणून फोन उपडा ठेवलास, हे ऐकून मी आधी हसले आणि मग ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तू तसं केलं नसतंस तर संध्याकाळपर्यंत एफडी मोडून झाली असती.

आता मला जे खरं लिहायचंय ते. अकरा दिवस तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. ‘रिझर्व्ह बँक तपासून परत करणार’ म्हणून वाट पाहिलीत, मग शरमेने गप्प बसलात, संगमावर फिरायला जायचं सोडलंत. त्या अकरा दिवसांत ‘आपली माणसं’ ग्रुपवर तुमचा एकही मेसेज आला नाही. पहाटे पाच चाळीसचं जास्वंद नाही, पंचांग नाही, गुडघेदुखीवर भोपळ्याच्या बिया नाहीत. आणि बाबा, मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, चला, सुधारले एकदाचे. मी तो ग्रुप दोन वर्षं म्यूट करून ठेवला होता. ज्यांना रोज पहाटे पहिला मेसेज करायची सवय ते गप्प का झाले, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

का सांगितलं नाहीत हेही मला कळतं. २०१८ च्या पावसाळ्यात आईने ती मुलं पळवणाऱ्या टोळीची क्लिप टाकली होती. १ जुलैला धुळ्याकडे, साक्री तालुक्यात राईनपाड्याला तसल्याच अफवेवरून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची भिक्षेकरी माणसं. बाजारात आली होती, बस. ती बातमी वाचून मी ग्रुपवर जे लिहिलं ते बरोबर होतं. पण मामा, अण्णाकाका, दादाच्या सासरची माणसं, सगळ्यांसमोर लिहिलं. ‘कळत नसेल तर फोन वापरू नका’ असं लिहिलं. आईने तो मेसेज पुसलाही नाही, कारण तिला पुसता येत नव्हतं. नंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल असं केलं, तेव्हा बाबांनी भाबडेपणाने विचारलं, ‘पाचच का जातात गं?’ आणि मी म्हटलं, ‘तुमच्यासारख्यांमुळे.’

हे वाक्य तुम्ही विसरला असाल. आई विसरली नसेल.

पुढे तो दिवाळीतला नासाचा फोटो, राष्ट्रगीताला युनेस्कोने पहिला नंबर दिला, दोन हजारच्या नोटेत चिप, प्रत्येक वेळी मी धावून धावून खोटं पाडत गेले. सगळं खोटंच होतं, त्याबद्दल माझं मत अजूनही तेच आहे. पण मी असं करून ठेवलं की फोनमधलं काही चुकलं तर ते सगळ्यात शेवटी मला सांगायचं. एक तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या त्या हेल्पलाइनला, फोन गेला असता तर ते पैसे वाटेतच कुठेतरी गोठवता आले असते. आपण बाराव्या दिवशी केला. तोवर ते चार खाती फिरून निघून गेले होते. तर त्या चाळीस हजारांतले निम्मे माझ्या नावावर लिहा.

आणि मी तरी काय दिवे लावते? दोन वर्षांपूर्वी इन्स्टाग्रामवर बघून अठराशेची पैठणी मागवली. अठराशेला पैठणी! तुम्ही ऐकूनच हसला असतात म्हणून सांगितलं नाही. आलं ते उशीच्या अभ्र्याचं कापड. रात्री अकराला ‘पाचच मिनिटं’ म्हणून रील्स बघायला घेते आणि साडेबारा वाजतात. चिनू जेवताना मोबाईल मागतो आणि मी देते, कारण भाजी पोटात जाते. तुम्ही मला राजाराणीच्या गोष्टी सांगून दुधीभोपळा खायला घातलात, साताऱ्याच्या बदलीच्या वर्षी सुद्धा, रात्री नऊला थकून यायचात तरी. राजा नेहमी पोस्टमास्तर असायचा.

असो. आता व्यवस्था काय केलीय ती ऐका, आणि आई, इथे बाबा उठतील, त्यांना धर.

यूपीआय सर्कल म्हणून एक सोय आहे. त्यात एकाच्या खात्यावरून घरातला दुसरा माणूस पैसे देऊ शकतो. तुमच्या फोनवर मी ती सुरू करून दिली आहे. दुकानात तुम्ही नेहमीसारखाच कोड स्कॅन करायचा. पैसे माझ्या खात्यातून जातील. एका वेळी ५,००० पर्यंत, महिन्याला १५,००० पर्यंत. हा आकडा मी ठरवलेला नाही, त्या सोयीतली मर्यादाच तेवढी आहे. उद्या पुन्हा कुणी गणवेश घालून आला तर त्याच्या हाती फार फार तर तेवढेच लागतील, आणि तेही माझे.

मला माहीत आहे. मुलीच्या पैशाने भाजी. माझ्या लग्नानंतर चार वर्षं तुम्ही आमच्याकडे पाणीसुद्धा स्टेशनवरून बाटली घेऊन यायचात. म्हणून असं करू: महिनाअखेरीला जेवढे खर्च होतील तेवढ्या रकमेचा चेक तुम्ही माझ्या नावे लिहा, अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहून, तुमच्या त्या सुंदर अक्षरात. मी पावती पाठवीन, हवं तर तिकीट लावून. म्हणजे उधारीच झाली, दान नाही.

त्यात असाही एक प्रकार होता की तुमच्या प्रत्येक खर्चाला मी फोनवर ‘हो’ म्हणायचं. तो मी घेतला नाही. तुम्ही मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात धरून माझ्या मीटिंगची वाट बघत उभे राहावं, हे मला जमणार नाही. मात्र काय कुठे खर्च झालं ते मला दिसतं. बघणार नाही म्हणणार होते, पण खोटं कशाला, बघेन. भडंगावर किती जातात तेही बघेन. बोलणार नाही.

बाकी काही बदलत नाही. दूधवाल्याला रोख, पेपरवाल्याला रोख, साखरेच्या डब्यामागे दोन हजार ठेवून आले आहे, शंभराच्या नोटा आहेत. लाइटबिल मी भरते. गॅसचा नंबर आईला पाठ आहे. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याला रांग लावायची नाही. पोस्टमन घरी येऊन करून देतो, हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे कमालच. नाहीतर दिवाळीत मी आले की चेहरा दाखवून फोनवरच करू. मागच्या वेळी ‘डोळे मिचकावा’ म्हटल्यावर तुम्ही दोन्ही डोळे गच्च मिटून बसला होतात तसं मात्र करायचं नाही.

आता काही गोष्टी ऐकायच्याच आहेत, वाद नको. फोनचा कुलूपनंबर बदला. माझी जन्मतारीख नको, चिनूचीही नको, आणि कॅलेंडरवर लिहून ठेवू नका. अनोळखी नंबरचा व्हॉट्सॲप फोन आता वाजणारच नाही असं मी केलंय. लग्नपत्रिका म्हणून काही आलं आणि दाबल्यावर ‘इन्स्टॉल’ म्हणालं तर ती पत्रिका नव्हे. ज्याला बोलवायचंय तो घरी अक्षता घेऊन येईल. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. १९३० मी फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवलाय, तो आईच्या विजेच्या हिशेबाखाली झाकू नका. आई, तू यूट्यूबवर भजनं ऐक, पण भजन संपलं की आपोआप जो डॉक्टर येतो तो आपला डॉक्टर नाही. मेथीच्या पाण्यासाठी बीपीची गोळी पुन्हा बंद केलीस तर मी तिथे येऊन राहीन, जावयांसकट.

आणि बाबा, चुकीचं बटण दाबलंत, काही उघडलंत, कुणाला नंबर दिलात, तर त्याच मिनिटाला मला फोन. मीटिंग असली तरी. मी ओरडणार नाही. ओरडले तर आईला फोन द्या, ती माझ्यावर ओरडेल.

दादाला मी काही कळवलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

२०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, त्या १४ जुलैला तुम्ही खास पुण्याला जाऊन, रांगेत उभे राहून चिनूला तार केली होतीत. तो तेव्हा पाच महिन्यांचा होता. ती तार परवा त्याला दाखवली. त्याने विचारलं, ‘आजोबा एवढं कमी का बोलले?’ शब्दाला पैसे पडायचे म्हटल्यावर त्याला ते फारच आवडलं. तो आता मला शब्द मोजून मेसेज करतो. काल आला, ‘भूक. मॅगी. लवकर.’

ग्रुप मी म्यूटवरून काढलाय. उद्यापासून पहाटे पाच चाळीसला जास्वंद टाकत चला. पंचांगही टाका. भोपळ्याच्या बिया टाकल्यात तर मी खाली लिहीन, पण फक्त तुम्हाला, वेगळं. आणि संगमावर जायला लागा. तिथे कुणाला काही माहीत नाही, आणि असलं तरी त्या कट्ट्यावरच्या निम्म्यांचे गेलेले असणार.

तुमची,
बेबी

ता. क. : आई, लिंबाचं लोणचं संपलं. बरणी कुरिअरने पाठवू नकोस, मागच्या वेळचं तेल अजून माझ्या बॅगेला आहे. मीच येईन.