अँबॉय आणि आपला पी. बी. रोड

निपाणी, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला फोटो मिळाला. ‘मोजावे वाळवंटात पेट्रोल भरायला थांबलो होतो, आजूबाजूला चिटपाखरू नाही,’ एवढंच लिहिलंस आणि पुढं गेलास. मी मात्र त्या ‘रॉयज्’च्या पाटीपाशीच अडकलो. गेले आठ दिवस रात्री दुकान बंद केलं की अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या त्या अँबॉय गावाबद्दलच वाचत बसतोय. तुला सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

ते मुळात रेल्वेचं ठाणं. १८८३ साली रूळ टाकणाऱ्यांनी त्या वैराण पट्ट्यातल्या स्टेशनांना इंग्रजी मुळाक्षरांच्या ओळीनं नावं दिली: अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी. तिथलं जमिनीतलं पाणी खारट, म्हणून गोडं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून यायचं. पुढं १९२६ साली शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा रूट ६६ हा महामार्ग झाला आणि १९३८ साली रॉय क्राऊल या माणसानं तिथं ‘रॉयज्’ हा पेट्रोलपंप टाकला. त्याचा जावई बस्टर बरिस हाताला आला, मग गॅरेज, खानावळ, मुक्कामाच्या खोल्या असं वाढत गेलं. उन्हानं रेडिएटर उकळलेल्या गाड्या रात्री-अपरात्री यायच्या, म्हणून ते चोवीस तास उघडं असे. तुझ्या फोटोतली ती पन्नास फुटी पाटी १९५९ सालची.

आणि १९७३ साली उत्तरेकडून नवा महामार्ग, इंटरस्टेट ४०, सुरू झाला. रस्ता तोच, पाटी तीच, पण गाड्या यायच्या बंद झाल्या.

हे वाचलं आणि मला आण्णा दिसले रे.

आपल्या पी. बी. रोडवरचं, म्हणजे पुणे-बंगळूर रस्त्यावरचं, आण्णांचं पंक्चरचं दुकान तुला आठवत असेल. तवंदी घाट चढायच्या आधी ट्रकवाले हवा बघून घ्यायचे, आणि घाट उतरून आलेले तापलेल्या चाकांवर पाणी मारायला थांबायचे. आण्णा ट्यूब फुगवून पाण्याच्या टबात हळूहळू फिरवायचे. बारीक बुडबुड्यांची माळ निघाली की अंगठा तिथंच दाबून धरायचे, दुसऱ्या हातानं खडू घेऊन खूण करायचे. तो खडू मी द्यायचा. कानडी ड्रायव्हरशी कानडीत, कोल्हापूरकडच्याशी मराठीत, तमिळ माणसाशी नुसत्या हातवाऱ्यांनी, पण कुणाचं काम अडलं नाही.

चौपदरी रस्ता गावाबाहेरून गेला तेव्हा आण्णा कुणावर चिडले नाहीत. सकाळी सातला फळी उघडायचे, कॉम्प्रेसर चालू करून टाकी भरून ठेवायचे आणि रस्त्याकडं बघत बसायचे. टाकी भरलेलीच राहायची. ते मला अजून सहन होत नाही. रस्ता चांगला झाला, घाटातले अपघात आणि गावातली कोंडी कमी झाली, हे मलाही पटतं. पण ज्यांनी तीस वर्षं त्या रस्त्याची रात्रपाळी केली, त्यांना कुणी साधं विचारायला तरी यायला हवं होतं.

अँबॉयला मात्र कुणीतरी आलं. कोंबडीच्या जेवणाची हॉटेलं चालवणाऱ्या अल्बर्ट ओकुरा यांनी २००५ साली अख्खं गावच सव्वाचार लाख डॉलरना विकत घेतलं. जसं आहे तसं जपीन आणि पंप पुन्हा चालू करीन, असा शब्द दिला आणि २००८ साली पंप चालू केलाही. पाटीचे दिवे कित्येक वर्षं विझलेले होते, ते २०१९ साली पुन्हा लागले. ते दिवे बघायला मिळाले, आणि २०२३ साली ओकुरा वारले. या माणसाबद्दल मला फार माया वाटते.

आण्णांच्या दुकानाची पाटी माळ्यावर सापडली. वर कानडी, खाली मराठी, मध्ये तांबड्या रंगाचं चाक. पत्र्याला गंज चढलाय, पण अक्षरं वाचता येतात. पेंटरला दाखवली, नुसती पुसून वार्निश मारून दे म्हटलं, रंग बदलायचा नाही.

पुन्हा त्या बाजूला गेलास तर अंधार पडेपर्यंत थांब आणि दिवे लागल्यावरचा फोटो पाठव. आणि तिथं चाकात हवा भरायची सोय अजून आहे का, तेवढं बघून कळव.

तुझा,
पी. बी. रोडवरचा मित्र