वरचा मजला राहू द्या, बाथरूम आधी करा

एडिसन, न्यू जर्सी
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की दोघंही कमावता, तर मोठं घर घ्यायचं सोडून जुन्यालाच ठिगळं का लावत बसलाय? याचं उत्तर आकड्यांत आहे, आणि आकडे तुम्हाला कागदावरच पटतात, म्हणून हे पत्र.

२०२१च्या जानेवारीत इथे तीस वर्षांच्या घरकर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. त्याच सुमारास आम्ही आमचं कर्ज नव्याने करून घेतलं, आम्हाला पावणेतीन टक्के पडला. इथे दर एकदा ठरला की शेवटच्या हप्त्यापर्यंत तोच राहतो. रिझर्व्ह बँकेने रेपो दर हलवला की दादाचं कर्ज हलतं, तसं इथे बहुतेकांचं नाही. नवं कर्ज घेणाऱ्याला मात्र आजचा भाव. ऑक्टोबर २०२३मध्ये तो ७.७९वर गेला होता, आता सव्वासहाच्या आसपास आहे. चार लाख डॉलरच्या कर्जाला पावणेतीन टक्क्यांनी महिन्याला साधारण १,६३३ डॉलर लागतात, सव्वासहाने २,४६३. कर्ज तेवढंच, खोल्या तेवढ्याच, आणि ८३० डॉलर दर महिन्याला उगाच. मोठं घर घेतलं तर फरक याहून मोठा. म्हणून कोणी जागचं हलत नाही. २०२४मध्ये अख्ख्या अमेरिकेत जुनी घरं विकली गेली ती ४० लाख ६० हजार, १९९५नंतर सर्वांत कमी.

घर बदलता येत नाही, मग लोक आहे त्या घराचंच काम काढतात. शनिवारी सकाळी आमच्या गल्लीत कुठे ना कुठे ठोकाठोकी चालूच असते. हार्वर्डचं एक केंद्र घरांच्या या कामांचा हिशेब ठेवतं. २०२२मध्ये इथल्या लोकांचा त्यावरचा खर्च ६०० अब्ज डॉलरच्या वर गेला आणि नंतरही फार खाली आलेला नाही. घरंही म्हातारी होत चालली आहेत, निम्म्या घरांनी चाळिशी ओलांडली आहे.

पण कामं कोणती काढतात ते बघण्यासारखं आहे. काळ डळमळीत झाला की सगळ्यात आधी थांबतं नवं बांधकाम. ते बिल्डरच्या कर्जावर आणि पुढे गिऱ्हाईक मिळेल या भरवशावर उभं असतं. २००५मध्ये इथे वर्षाला २० लाखांहून जास्त घरांचं काम सुरू झालं होतं, २००९मध्ये जेमतेम साडेपाच लाखांचं. त्यानंतर नंबर लागतो हौसेच्या कामांचा. गळकं छप्पर मात्र मंदी संपायची वाट बघत नाही.

आम्हीही तेच केलं. छप्पर बदललं, तळघरात येणारं पाणी बंद केलं, किचन ठेवलं बाजूला. बाहेरून येणाऱ्या किचन कॅबिनेटवर ऑक्टोबरपासून २५ टक्के शुल्क बसलंय, आणि कॉन्ट्रॅक्टर दिलेला भाव दोन आठवड्यांपलीकडे धरायला तयार नाही. समीरने जुन्याच कपाटांची दारं घासून रंगवली. जवळून बघू नका, बाकी छान दिसतात!

आता तुमच्याकडे येते. बाबा, वरचा मजला यंदा नको.

आपलं घर कॉलमवर नाही, भार विटांच्या भिंतींवर आहे. वर चढवायचं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाया आणि भिंती तपासायला हव्यात. गवंडी "काही होत नाही साहेब" म्हणाला म्हणून चालणार नाही. त्यात सिंहस्थाची कामं सुरू आहेत, चांगले मिस्त्री मिळत नाहीत असं तुम्हीच सांगितलंत. अर्धं काम झाल्यावर माणसं दुसरीकडे गेली आणि पाऊस आला, तर खालच्या खोल्यांत ओल उतरेल. २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला, हे कात्रण तुम्ही पाठवलंत. पण सळईवरचा कर होता तिथेच आहे, आणि मजुरी कमी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शिवाय प्रेसमधून निवृत्त होताना मिळालेली ठेव मोडायची ती कोणासाठी? आमच्यासाठी. आम्ही येणार ते हॉलमध्ये गाद्या टाकून झोपू, मुलांना तेच आवडतं.

बाथरूम मात्र आत्ता करा. आईचे गुडघे आणि ती खाली बसायची सोय, दोन्ही एकत्र चालणार नाही. कमोड बसवून घ्या, उंबरा काढा, न घसरणाऱ्या टाइल्स लावा. दार बाहेर उघडेल असं करा, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. धरायच्या दांड्या नुसत्या टाइलमध्ये नकोत, स्क्रू विटेत खोलवर गेले पाहिजेत. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावायच्या आधी फरशीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवायला सांगा. मिस्त्री कंटाळा करेल, तुम्ही ऐकू नका. अंदाजपत्रक लेखी घ्या, आगाऊ रक्कम थोडीच द्या, आणि उरलेले पैसे काम पुढे जाईल तसे.

पैसे मी पाठवते. यावर वाद नको, किचनचे वाचलेले आहेत.

काम चालू असेपर्यंत आईने दादाकडे राहावं. तिथेही ती स्वयंपाकघरात शिरेल, त्याला इलाज नाही. आई, टाइल्सचा रंग तू ठरव. बाबांना विचारलंस तर ते दवाखान्यासारखा पांढरा आणतील. दुकानात गेलीस की फोटो पाठव.

तुमची
माधवी