पाटीच्या छपराचं काय झालं, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
बांधकाम व गृहनिर्माण

विषय : नैसर्गिक स्लेटच्या छपरांना दरसूचीत जागा देण्याबाबत
संदर्भ : आपलंच भाषण

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल, अशी आशा करतो. पत्र लिहायला कारण असं, की आपल्या खात्याची नवी दरसूची, म्हणजे सरकारी कामांना मान्य असलेल्या बाबींची आणि दरांची यादी, परवा हाती आली. छपरांचं प्रकरण मी दोनदा वाचलं. साधा पत्रा आहे, रंगीत पत्रा आहे, फायबर सिमेंट आहे, डांबरी शिंगल्स आहेत. स्लेटसारखी दिसणारी प्लास्टिकची पाटीसुद्धा आहे. खरी स्लेट, म्हणजे पातळ पदरांत फुटणाऱ्या दगडाची पाटी, तेवढी नाही. नकलेला दर मिळाला, अस्सल मालाला ओळ मिळाली नाही.

गेल्या वर्षी आपण जाहीर व्यासपीठावरून सांगितलं होतं, की एकेरी लॅपची, म्हणजे पाट्या एकमेकींवर कमी चढवून दगड वाचवायची, नवी पद्धत आणि तिचे दर पुढच्या दरसूचीत येतील, म्हणजे पाटीचं छप्पर सामान्य माणसाच्या आवाक्यात येईल. टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या. त्या शब्दावर विसंबून मी पाटीच्या कडा कातरायचं यंत्र घेतलं, कर्ज काढून. आज ते यंत्र ताडपत्रीखाली आहे आणि हप्ता मात्र उघड्यावर चालू आहे.

दरसूचीत नाव नसलं की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. एका सार्वजनिक इमारतीचं छप्पर बदलायचं होतं. मूळ छप्पर स्लेटचंच. मी वर चढून पाहिलं, बोटाच्या पेराने एकेक पाटी वाजवून पाहिली. चांगली पाटी खणखणते, आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. बहुतेक सगळ्या खणखणीत होत्या. दगड शाबूत, खिळे सडलेले. लोखंडी खिळे गंजून त्यांची डोकी गेली होती, म्हणून पाट्या घसरत होत्या. मी लिहून दिलं, की पाट्या उतरवा, मोजा, तांब्याच्या किंवा स्टेनलेसच्या खिळ्यांवर त्याच पुन्हा चढवा. नवा दगड थोडाच लागेल. प्रस्तावावर शेरा आला : "दरसूचीत बाब उपलब्ध नाही, प्रारंभिक खर्च जास्त, सबब विचार करता येत नाही." आता तिथे पत्रा बसतोय. काढलेल्या पाट्या डबर म्हणून भरावात गेल्या. अजून एक पिढी आरामात निघाली असती असा दगड, महोदय, खड्ड्यात!

बरं, "प्रारंभिक खर्च जास्त" हे खोटं नाही. जास्त आहेच. पण का जास्त आहे, हे विचारायची तसदी आपल्या खात्यात कुणी घेतलेली दिसत नाही. मीच सांगतो, फुकट सांगतो.

५०० मिलिमीटर लांबीची पाटी घ्या. जुन्या दुहेरी लॅपच्या पद्धतीत प्रत्येक पाटी खालच्या दोन ओळींवर चढते आणि त्यातल्या दुसऱ्या ओळीवरचा चढाव, म्हणजे लॅप, ७५ मिलिमीटर धरतात. म्हणजे ५०० मधून ७५ वजा, उरलेल्याचे दोन भाग. उघडी दिसते फक्त दोनशेच्या वर साडेबारा, म्हणजे २१२.५ मिलिमीटर. बाकी सगळी पाटी दुसऱ्या पाटीखाली झाकलेली. शंभर चौरस मीटर छपराला सुमारे २३५ चौरस मीटर दगड विकत घ्यावा लागतो, फूटतूट वेगळी. पाच मिलिमीटर जाडीची पाटी धरली तर दर चौरस मीटरला तीस-बत्तीस किलो वजन वाशांवर. मग वासे जाड, रिपा जाड, गाडीभाडं जास्त, वर चढवायची मजुरी जास्त. महागाईची निम्मी गोष्ट इथेच संपते.

एकेरी लॅपमध्ये पाट्या शेजारी शेजारी बसतात, उभ्या सांध्याखाली धातूची बारीक पन्हळ येते आणि सांध्यातून उतरलेलं पाणी ती खालच्या पाटीवर सोडते. वरखाली शंभर मिलिमीटरचा लॅप ठेवला तरी त्याच शंभर चौरस मीटरला सव्वाशे चौरस मीटर दगडात काम भागतं. दगड जवळजवळ निम्मा, वजन जवळजवळ निम्मं. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. जगात अशा पद्धती विकत मिळतात, लोक वापरतात.

यात खोट नाही असं मी म्हणणार नाही. दुहेरी लॅपमध्ये एक पाटी फुटली तरी खाली दुसरी असते. एकेरीत फुटली की थेंब थेट घरात. शिवाय दगड शंभर वर्षं टिकणार आणि खालची पन्हळ प्लास्टिकची असेल तर ती त्याच्या अर्ध्या वाटेवरच ठिसूळ होणार, मग चांगलं छप्पर उघडून बसा. म्हणूनच पन्हळ कुठल्या धातूची, खाली कुठला जलरोधक थर, उतार किती, हे कुणीतरी एकदा ठरवून लिहून द्यायला हवं. ते काम माझं नाही, महोदय. मी रिपा ठोकणारा माणूस. ते काम आपलं. त्यासाठीच तर आपल्याकडे समिती आहे, उपसमिती आहे आणि उपसमितीला गाडी आहे.

आता खाणीत चला. चिखल आहे, जरा जपून. खाणीतून शंभर टन दगड काढला तर छपरावर चढतो दहा टन, कधी त्याहून कमी. बाकीचे नव्वद ढिगाऱ्यावर. उत्तर वेल्समधल्या जुन्या खाणींपाशी अशा कचऱ्याचे डोंगर उभे आहेत. त्या सगळ्या परिसराला २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. आपल्या खात्याच्या कचऱ्यालाही एखाद्या दिवशी तो मान मिळेल. माझ्या आकड्यात पाचदहा टन इकडेतिकडे होतील, पण आपल्या अंदाजपत्रकांपेक्षा तो खऱ्याच्या जवळ आहे.

हे नव्वद टन सगळे देवाने वाया घालवलेले नाहीत. सुरुंग लावला की चांगला दगडही आतून तडकतो. हिऱ्याच्या तारेच्या करवतीने ठोकळा कापला तर पुष्कळ वाचतो. पण ती करवत महाग, आणि छोट्या खाणवाल्याला तिच्यासाठी कुणी दारात उभं करत नाही. ठोकळा निघाल्यावर तो ओला असतानाच फोडावा लागतो, सुकला की पदर नीट सुटत नाहीत. छिन्नी मधोमध लावायची, हलका ठोका, दोन भाग. त्या भागाचे पुन्हा मधोमध दोन. हे आजही माणसाच्या हातानेच होतं. स्पेनमधला गॅलिसिया हा छपराच्या स्लेटचा जगातला मोठा मुलूख, तिथेही बहुतेक खाणींत शेवटी छिन्नी धरलेला हातच असतो. यंत्रं आली ती करवतीला, कडा कातरायला, वाहून न्यायला. हातच नसतील तर पाटी येणार कुठून? नवी पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत. माझाही आला नाही, आणि त्याला मी दोष देत नाही.

आणि यावर आपल्या निविदांची मेहेरबानी अशी, की सगळ्या पाट्या एकाच मापाच्या हव्यात! दगड काय साच्यातून निघतो? मोठी पाटी निघाली नाही की उरलेला चांगला तुकडा कचऱ्यात. जुने कारागीर वळचणीला मोठ्या, जाड पाट्या लावायचे आणि आढ्याकडे जाता जाता माप लहान लहान करत न्यायचे. त्यात खाणीचा माल कितीतरी जास्त खपतो. हो, मांडणीला वेळ लागतो, मजुरी चढते, हे मान्य. पण दोन-तीन मापं तरी चालवून घ्या. नाही. एकच माप. कारण तक्त्यात रकाना एकच.

खिळ्यांचंही तेच. फ्रान्समध्ये पाटीच्या तळाला स्टेनलेसचा हूक अडकवून काम करतात. भोक पाडणं नको, त्यामुळे भोक पाडताना होणारी फूट नको, काम झपाट्याने होतं आणि मधली एक पाटी बदलायची झाली तर शेजारच्यांना हात लावावा लागत नाही. दिसायला हूक डोळ्यांत येतो, मला स्वतःला तो फारसा आवडत नाही. पण मजुरी वाचते. आपल्याकडे "हूक" म्हटल्यावर संबंधित अभियंत्याने विचारलं, पडदा टांगायचाय का?

गुणवत्तेचं बोलू. अमेरिकी मानकात स्लेटच्या तीन प्रती केलेल्या आहेत. पहिली ७५ वर्षांच्या वर टिकणारी, दुसरी ४० ते ७५, तिसरी २० ते ४०. पहिल्या प्रतीच्या दगडाने पाणी शोषायची मर्यादा पाव टक्का. ही चाचणी काही चंद्रावर जाऊन करायची नसते. पण ती सक्तीची नाही, म्हणून बाजारात तिसऱ्या प्रतीचा दगड पहिल्याच्या नावाने येतो. त्यातले लोहमाक्षिकाचे, म्हणजे लोखंड-गंधकाच्या खनिजाचे, कण पावसात गंजतात, पाटीवर तांबडे ओघळ उतरतात, काही ठिकाणी भोकं पडतात. मग लोक म्हणतात, दगडी छप्पर फसवं. चांगला माल विकणारे आम्ही बदनाम, आणि फसवणारा पुढच्या गावाला.

माझं म्हणाल तर गुडघे गेले. उतारावर एक पाय दुमडून आयुष्य काढलं की जातातच. पाटी कातरताना उडणारी भुकटी छातीत बसली आहे. त्या भुकटीत सिलिका असते आणि ती फुप्फुसातून परत बाहेर येत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं, खात्याने नाही. पाण्याखाली कातरलं तर धूळ उडत नाही. तेच यंत्र मी घेतलं होतं, तेच ताडपत्रीखाली आहे. म्हणजे आपल्या एका न पाळलेल्या शब्दात माझं कर्ज, माझा खोकला आणि माझ्या हाताखालच्या दोन पोरांची मजुरी, एवढं सगळं मावलं. शब्द मोठाच होता म्हणायचा.

आणि हे फक्त स्लेटचं आहे का? सर्वांत कमी दराची निविदा घ्यायची, एवढा एकच मंत्र या राज्यकारभाराला येतो. रस्ता कमी दराचा, म्हणून पहिल्या पावसात वाहून जातो. खिडकी कमी दराची, म्हणून बंदच होत नाही. पहिल्या दिवसाचा खर्च बघायचा, शेवटच्या दिवसाचा बघायला कुणी खुर्चीवर नसतं. पत्रा साधारण पंचवीस-तीस वर्षांनी बदलायचा धरा. चांगल्या पाटीच्या एका आयुष्यात तो तीन-चारदा बदलणार. प्रत्येक वेळी नवी निविदा, नवा ठेकेदार, नवा नारळ. कुणाला काय मिळतं यातून, हे मी लिहीत नाही, आपण जाणता. एकदाच घालून शंभर वर्षं विसरायचं छप्पर कुणाच्या सोयीचं आहे? उद्घाटनाला दगड चालतो, टिकायला नको.

पर्यावरणाची भाषणं आपण करता, ती मी ऐकतो. पाटीला भट्टी लागत नाही. खाणीतून काढा, फोडा, कातरा, चढवा. पत्र्याला भट्टी, सिमेंटला भट्टी. समुद्रापलीकडून जड दगड आणला तर त्यातलं बरंचसं वाहतुकीत जातं, हेही खरं. पण भाषणात ना पहिलं आलं, ना दुसरं.

मला अनुदान नको. छपरांची तुलना करताना साठ वर्षांचा खर्च मांडा, पहिल्या दिवसाचा नको. एकेरी लॅप आणि हूक, दोन्हींना दरसूचीत बाब द्या, पन्हळीच्या धातूसकट. दोन-तीन मापं मान्य करा. चाचणीचा दाखला नसलेला दगड सरकारी कामावर चढू देऊ नका, मग तो माझा असला तरी. जुनं स्लेटचं छप्पर उतरवण्याआधी पाट्या वाजवून मोजायची सक्ती करा. त्यासाठी बोटाचं पेर पुरतं, निविदा काढू नका. खाणीच्या ढिगाऱ्यातली खडी रस्त्याच्या भरावात घ्या, म्हणजे खाणवाल्याला त्या नव्वद टनांचेही चार पैसे मिळतील आणि तो दहा टनांचा दर उतरवेल.

यातलं काहीच जमणार नसेल तर एवढं करा. माझ्या प्रस्तावावरचा तो शेरा कुणाच्या हिशेबावर लिहिला गेला, तो हिशेब मला लेखी पाठवा. त्यात २३५ आणि १२५ हे दोन आकडे कुठे आहेत, ते मी स्वतः शोधून घेईन. पोच मात्र द्या. मागच्या पत्राची अजून आलेली नाही.

कळावे,
आपला,
एक छप्परवाला