लिंबाची ती फांदी परत बांधून देणाऱ्या माळीभाऊंना

भाऊ, तुम्ही स्वतः हे वाचाल की नाही माहीत नाही, पण पोरीला सांगा मोठ्यानं वाचून दाखव म्हणून. समोरासमोर बोलायला गेले की माझा गळा भरून येतो, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहिते.

तुमच्याआधी आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी जे जे आले त्यांना अंगणात नुसता कचराच दिसला. एक लँडस्केपवाले ॲडव्हान्स घेऊन गेले, मी सांगत होते की मला पक्षी, फुलपाखरं यायला पाहिजेत, आणि ते मला पेव्हर ब्लॉकचे रंग दाखवत होते! दुसरे म्हणाले, "हे जंगल साफ करा ना मॅडम, साप निघन." रुई तर सगळ्यांनाच खुपायची. शनिवारी मारुतीला तिच्याच पानांची माळ घालायची आणि दारात उगवली की उपटायची, हे कसं काय? वरून लिंबावर अळी दिसली की प्रत्येकाचा हात आधी फवाऱ्याकडे.

तुम्हाला फक्त गेटवर आलेली लिंबूच्या झाडाची फांदी छाटायला बोलावलं होतं. फांदी खाली पडली, मी ती उचलून टाकणार तेवढ्यात तुम्ही उकिडवे बसलात आणि पान उलटं करून मला दाखवलं, पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची बारकी अळी आणि तिच्या बाजूला एक हिरवीगार मोठी. तुम्ही बोट लावलं तर तिनं डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढली, काय तो वास! "राहू द्या ताई, याचं घर हाये इथं," एवढंच म्हणालात आणि खिशातून सुतळी काढून ती कापलेली फांदी परत झाडाला बांधली. पानं सुकली पण अळ्या आपल्या आपण हिरव्या पानावर सरकल्या. भाऊ, त्या सुतळीच्या गाठीसाठी हे पत्र आहे, बाकी सगळं नंतरचं.

संत्र्याच्या बागेत हीच अळी कलमं खाते, तिथं शेतकऱ्यानं काय करावं हे मी सांगणार नाही. पण घरच्या एका लिंबाला चार पानं कमी आली तर काय बिघडतं? 2015 मध्ये आपल्या राज्यानं ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, त्याची अळीसुद्धा लिंबाच्याच खानदानावर वाढते. आणि दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवते हे तुम्ही सांगितल्यापासून आमच्याकडे फवारा बंद आहे. आता रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आहेत, वाळका पाला झाडाखालीच राहतो आणि दयाळ पक्षी तिथं उतरून पानं उलटीपालटी करतो. मे महिन्याच्या त्या भाजणाऱ्या उन्हात तुम्ही सांगितलेल्या मातीच्या उथळ परळात दगड ठेवून पाणी भरत होते, बुलबुल, साळुंक्या, खारी, सगळे यायचे.

त्या दिवशी काम लवकर संपलं म्हणून तुम्ही पूर्ण मजुरीही घेतली नाही. मोठ्या गाडीतून येऊन मोठमोठे कोटेशन देणाऱ्यांपेक्षा सायकलवर आलेल्या माणसाला त्या बारक्या जिवाची जास्त काळजी, हे आठवलं की अजून भरून येतं. अशी माणसं आहेत म्हणून या सिमेंटच्या रस्त्यांच्या गावात अजून राहावंसं वाटतं.

पाऊस लागला की या भाऊ. बहाव्याचं रोप आणून ठेवलंय, जागा तुम्हीच सांगायची, आणि यावेळी जेवूनच जायचं.