खंड बांधताना जाहिराती फाडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागा अपुरी पडली की घरांतून आणि ग्रंथालयांतून आधी बाहेर पडतात ती उद्योग-व्यापारविषयक जुनी नियतकालिके. पुण्याच्या मराठा चेंबर या उद्योग-व्यापार संघटनेची 'संपदा', नागपूरचे 'उद्यम', किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये कारखान्याचे पत्रक म्हणून निघालेली 'किर्लोस्कर खबर' आणि इंग्रजी अर्थसाप्ताहिके किलोच्या भावाने रद्दीत जातात, याचे वाईट वाटतेच. पण त्याहून मोठे नुकसान जपण्याच्या नावाखाली होते. वर्षाचा खंड जाड होऊ नये म्हणून बांधणीत मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकली जातात. लेखांतली माहिती अहवालांत, पुस्तकांत पुन्हा मिळू शकते. जाहिरात गेली की गेली.

१९७०-८० च्या दशकातली समभागविक्रीची जाहिरात पाहा. तळाशी बारीक टायपात छापलेले असते की केंद्र सरकारने या विक्रीला संमती दिली आहे, मात्र योजनेच्या आर्थिक भक्कमपणाची जबाबदारी सरकारवर नाही. शेअरवर अधिमूल्य, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा जादा रक्कम, किती घ्यायचे हेसुद्धा तेव्हा केंद्र सरकारच्या भांडवल-विक्री नियंत्रकांच्या हातात होते. १९९२ मध्ये हे नियंत्रण उठले आणि ते वाक्यही गेले. परवाना राज, म्हणजे उद्योगाला पावलोपावली सरकारी परवानगी लागण्याचा काळ, कसा होता हे त्या दोन ओळींत जसे दिसते तसे लेखात क्वचितच दिसते.

संग्राहकही एक चूक करतात: अर्थसंकल्प विशेषांक आणि दिवाळी अंक तेवढे ठेवतात. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला, म्हणजे साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला. आयात यंत्रांवर चालणाऱ्या कारखान्यांनी तो धक्का कसा पचवला हे शोधायचे, तर त्या वर्षीचे मे ते डिसेंबरचे साधे अंक सलग लागतात.

मुखपृष्ठ हरवलेल्या अंकाचा काळही बहुतेकदा जाहिरातीच सांगतात. किमती आण्यांत असतील तर अंक बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचा, 'नये पैसे' असतील तर त्यानंतरच्या काही वर्षांतला. पत्त्यात 'पुणे ४११०३०' असा सहा आकडी पिनकोड दिसला तर अंक ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असूच शकत नाही. नुसते 'पुणे ३०' असेल तर जुना असण्याची शक्यता जास्त.

अंक पूर्ण आहे का, हे तपासणे सोपे आहे. मधोमध पिना मारलेल्या ६४ पानी अंकात पृष्ठ ५ आणि ६० एकाच कागदावर येतात. कागदाच्या एकाच बाजूला छापलेल्या अशा जोडीची बेरीज नेहमी ६५. कुणी कूपनचे किंवा अर्जाचे अख्खे पान कापून नेले असेल तर त्याच्या जोडीचे पानही सैल होऊन पडू शकते, म्हणून दोन्हीकडे पाहावे.

आपल्याकडच्या पावसाळ्यात पिना गंजतात आणि गंज कागद खातो. मधले पान उघडून पिनेचे पाय पातळ, बोथट पात्याने सरळ करावेत आणि पिन बाहेरून अलगद ओढावी. पिन-रिमूव्हर लावला तर मुखपृष्ठ फाटते. नंतर त्याच भोकांतून सुती दोरा ओवावा. गुळगुळीत आर्टपेपर भिजला तर ओला असतानाच पाने सोडवून मध्ये टिपकागद घालावा. वाळल्यावर ती पाने सुटत नाहीत. तेवढा वेळ नसेल तर अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवावा. सेलोटेप आणि लॅमिनेशन कधीच नको. अंक आडवे, वीतभर उंचीच्या गठ्ठ्यात, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावेत. माळ्यावर तर मुळीच नकोत, स्लॅबची उष्णता कागद ठिसूळ करते.

ग्रंथालयांना कळकळीची विनंती आहे की बांधणीला देताना चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे: 'मुखपृष्ठांसह, जाहिरातींसह, कडा न कापता.' खंड जाड होत असेल तर सहा-सहा अंकांचे दोन करावेत. आणि घर रिकामे करणाऱ्यांनी रद्दीवाल्याला बोलावण्याआधी नाव, वर्ष, अंक क्रमांक आणि मधले गहाळ अंक यांची यादी करून पुण्यातील गोखले इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्र संस्था, पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय किंवा जवळच्या ग्रंथपालांना दाखवावी. गठ्ठा मात्र तोवर फोडू नये.

– जुन्या अर्थविषयक नियतकालिकांचे काही संग्राहक, पुणे