खुर्चीची वाट न बघता

अंबाजोगाई,
१२ जुलै

चि. संतोष यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईघाईत सांगितलंस की इग्नूला, म्हणजे त्या मुक्त विद्यापीठाला, एम.ए. एज्युकेशनला नाव घातलंय, विशेष विषय उच्च शिक्षण, आणि बाकीचं नंतर बोलू. तुझं 'नंतर' मला चांगलं माहीत आहे, म्हणून लिहायला बसले. शिवाय फोनवर मी बोलायला लागले की तू नुसता हं हं करतोस.

तुझ्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, केमिस्ट्रीत पीएच.डी. होऊन कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला चाळिशीत परत एम.ए. कशाला, प्राचार्य व्हायचंय का त्याला? मी म्हटलं, भाऊजी, या पदवीनं कुणी प्राचार्य होत नसतं. युजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची नियमावली, संतोष, तूही वाचली असशील. प्राचार्याला पीएच.डी. हवी, प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असायला हवं, १५ वर्षांचा अनुभव हवा, किमान १० संशोधन लेख हवेत, संशोधनाचे ११० गुण हवेत. कॉलेज चालवायचं शिक्षण घेतलंय का, हे कुणीच विचारत नाही. तेव्हा पदासाठी करत असशील तर आत्ताच थांब आणि तेवढ्या वेळात दोन पेपर लिही.

पण मला विचारशील तर, कुणी विचारत नाही म्हणूनच हे शिकावं. माझ्या कॉलेजातल्या क्लार्कच्या नोकरीत किती प्राचार्य आले नि गेले. त्यातले एक वनस्पतिशास्त्राचे. मुकुंदराजाच्या दरीत उतरले की दिसेल त्या झुडपाचं नाव सांगायचे, मोठा विद्वान माणूस. पण बिंदुनामावलीचं, म्हणजे पदांच्या आरक्षणाचं, रजिस्टर समोर ठेवलं की घाम फुटायचा. आम्ही बोट ठेवू तिथं सही. सहसंचालक कार्यालयाचं पत्र आलं की ते न वाचताच माझ्या टेबलावर. त्यांचा काय दोष? आयुष्यभर पानंफुलं शिकवली आणि एका सकाळी अनुदान, ऑडिट, कोर्टाच्या केसेस, संस्थाचालकांचे रुसवेफुगवे असं सगळं गळ्यात पडलं. मग आम्ही क्लार्क मंडळी म्हणू ती पूर्व दिशा. आम्हाला ते बरंच वाटायचं, खोटं कशाला सांगू! पण कॉलेजासाठी ते चांगलं नव्हतं.

आता नॅकचं, कॉलेजांच्या मूल्यांकनाचं. तू आयक्यूएसीचा, कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाचा, समन्वयक, तुला मी काय सांगणार. आजवरच्या सात निकषांपैकी सहाव्याचं नावच प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन. आमच्याकडे तो निकष एक जण रात्री बसून लिहून काढायचा आणि मिटिंगांचे फोटो जोडायचा. पाचवा मात्र विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मदतीचा, आणि तो असा लिहून काढता येत नाही. तो काउंटरवर घडतो.

एक मुलगी आठवते. धारूरकडची, बी.ए. पहिलं वर्ष. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला कोयत्यावर गेले, ही धाकट्या भावंडांना घेऊन गावी राहिली. महिनाभर कॉलेजला फिरकली नाही. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरला होता, पण बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं. शिक्षकांच्या लेखी ती ७५ टक्के हजेरी न भरलेली, कार्यालयाच्या लेखी त्रुटीतला अर्ज, परीक्षा विभागाच्या लेखी फॉर्म न भरलेली. तीन खिडक्या, तीन नोंदी, आणि मुलगी एकच. ती गळतेय हे एकाही कागदावर दिसत नव्हतं. शेवटी शिपाईमामा तिच्या गावाकडचे निघाले म्हणून कळलं. बँकेचं काम झालं, फॉर्म भरला, पुढं तिनं पदवी घेतली. पण मामा दुसऱ्या गावचे असते तर?

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की पुस्तकात नेतृत्वावर जे काय वाचशील ते या खिडक्यांपाशी आणून बघ. त्याला प्राचार्याची खुर्ची लागत नाही. समन्वयक म्हणून तुला तिन्ही रजिस्टरं मागवता येतात. दिवाळीची सुट्टी संपली की पंधरा दिवसांत ती शेजारी शेजारी ठेवून बघायची. बस्स.

तुझ्या अभ्यासक्रमात प्रबंधिकाही आहे ना? तिला विषय हाच घे. 'नव्या शैक्षणिक धोरणाचे अध्ययन' असलं काही ढोबळ घेऊ नकोस, तसल्या प्रबंधांनी कपाटं भरलीत. तुझ्याच कॉलेजातली ऊसतोड कुटुंबांतली मुलं दिवाळीच्या आधी किती होती, नंतर किती राहिली, कुठं अडकली, एवढंच. आपल्या भागात १९५८ साली विद्यापीठ झालं. त्याआधी आपली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली, आणि तिथलं शिक्षणाचं माध्यम बरीच वर्षं उर्दू. तुझे आजोबा मॅट्रिकवर थांबले ते हैदराबादचा खर्च झेपेना म्हणून. आज कॉलेज तालुक्याला आलंय तरी घरातलं पहिलंच लेकरू दारात आलं की त्याला आत कसं टिकवायचं, हे आपल्याला अजून नीट जमत नाही.

आता घरचं, आणि हे नीट वाच. इग्नू एका श्रेयांकाला ३० तास अभ्यास धरते. म्हणजे सहा श्रेयांकांच्या एका विषयाला १८० तास. हे तास येणार कुठून? तू म्हणशील पहाटे उठेन. उठशील आठ दिवस. मग रात्री जेवण झालं की दार लोटून बसशील आणि चहा आपोआप आत येईल. रेखालाही शाळा आहे, शाळेच्या वर पोषण आहाराच्या नोंदी आहेत, आणि निवडणूक लागली की ड्यूटी आहे. तिनं लग्नानंतर बी.एड. केलं तेव्हा तिला चहा कुणी नेऊन दिला होता, ते आठव. तेव्हा आठवड्यातले कुठले दिवस स्वयंपाक तुझा, हे आधी ठरवा आणि मग पुस्तकांना कव्हरं घाला. पोरीचा गृहपाठ तूच घे, तेवढीच तुझीही बैठक लागेल.

असाइनमेंटचे ३० टक्के गुण असतात, ते दुसऱ्याच्या उतरवून मिळवू नकोस. बाजारात तयार मिळतात म्हणे. पोरांच्या कॉप्या पकडणारा माणूस तू.

प्राचार्यांना तोंडी सांगून मोकळा झाला असशील. तसं चालत नाही. परवानगीचा लेखी अर्ज कर, आणि झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का नि तारीख घेऊन ती प्रत घरी ठेव. आजचे प्राचार्य भले आहेत, पण त्यांचीही मुदत पाच वर्षांचीच असते, आणि पुढचे कोण येतील काय सांगावं? रजेचा, वेळेचा प्रश्न कुणी काढला तर 'सरांना माहीत होतं' हे उत्तर फायलीत लागत नाही.

परीक्षेची तारीख आली की लगेच कळव. तुमच्या कॉलेजच्या परीक्षाही त्याच सुमारास रेंगाळतात, सुपरव्हिजनच्या बदल्या आधीच करून ठेव. मी लातूरला येऊन राहीन त्या दिवसांत. पण स्वयंपाकाला नाही हं, पोरीपाशी बसायला. गुडघा हल्ली बरा आहे. बसस्टँडवर घ्यायला मात्र ये, रिक्षावाले वाटेल ते सांगतात.

रेखाला नि पोरीला आशीर्वाद.

तुझी,
आई