पाचवी कुठली ऐकू म्हणतोस?

प्रिय सोन्या,

तुझा मेसेज बघितला. "आई, बेथोवनची पाचवी सर्च केली तर ढीगभर निघाल्या, कुठली ऐकू, सगळ्या सेमच असतील ना." सेम कशा असतील रे! सिंफनी एकच, पण प्रत्येक कंडक्टर ती ऑर्केस्ट्राकडून वेगळी वाजवून घेतो. फोनवर उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते काही संपेना, म्हणून आता पत्रच लिहिते, सवडीने वाच.

आधी उत्तर देऊन टाकते. कंडक्टर कार्लोस क्लायबर, ऑर्केस्ट्रा व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४ चं रेकॉर्डिंग. डोळे झाकून लाव. माझं त्याच्याशी एका जागी भांडण आहे, त्याचं पुढे सांगते.

सुरुवातीचे चार सूर तर सगळ्यांनाच पाठ, त्यात कोण काय वेगळं करणार असं वाटेल तुला. पण बघ, त्या पहिल्या सुराच्या आधी बेथोवनने एक बारीकशी विश्रांती लिहिलीय, म्हणजे अख्खी ऑर्केस्ट्रा आधी गप्प राहून मग एकदम तुटून पडते. मग तीन छोटे एक लांब, परत तीन छोटे एक लांब, आणि तो दुसरा लांब सूर पहिल्यापेक्षा एक बार, म्हणजे मात्रांचं एक घर, जास्त लिहिलाय. तिथेच कंडक्टर कळतो बघ. फुर्टवेंगलर नावाचा जुना जर्मन कंडक्टर तो सूर असा धरून ठेवतो की आपल्यालाच वाटतं आता सोड बाबा, आणि क्लायबर धरतो पण टेकत नाही, सुटला की सरळ धावत सुटतो. हेडफोन लावूनच ऐक हं, कारण त्याने पहिले व्हायोलिन डावीकडे आणि दुसरे उजवीकडे बसवलेत, त्यामुळे ती छोटी छोटी वाक्यं या कानातून त्या कानात फेकाफेकी केल्यासारखी जातात.

पुढे त्याच पहिल्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे सिंफनीच्या पहिल्या भागात, सगळा गोंधळ अचानक थांबतो आणि एकटा ओबो, आपल्या सनईसारखं फुंकवाद्य, दोनचार क्षण काहीतरी बोलून जातो. व्हिएन्नावाले त्यांचा वेगळाच जुन्या घडणीचा ओबो वाजवतात, त्याचा आवाज जरा टोकदार असतो, गर्दीत कुणी एकट्याने तोंड उघडावं तसा. मी अजूनही त्या जागी हातातलं काम थांबवते.

आता यातली खरी गंमत. कार्लोसचे वडील एरिश क्लायबर, तेही मोठे कंडक्टर, आणि त्यांनीही हीच पाचवी १९५३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्ड केलीय. बर्लिनमधली मोठी नोकरी त्यांनी नाझींच्या निषेधार्थ १९३४ मध्ये सोडली, मग सगळं कुटुंब अर्जेंटिनात गेलं, बर्लिनमध्ये जन्मलेल्या कार्लचा तिथे कार्लोस झाला. आणि बापाला मुलाने संगीतात यायलाच नको होतं, केमिस्ट्री शिकायला पाठवलं त्याला झुरिकला! (मी तुला कधी अमुकच शीक म्हटलं नाही हे लक्षात ठेव. एकदा म्हटलं होतं, ते सोड.) बाप १९५६ मध्ये गेला, मुलाची पाचवी त्याने ऐकलीच नाही.

दोन्ही लागोपाठ ऐक. मला आधी वाटायचं मुलाने बापाचीच कॉपी केलीय, तोच कडक ताल, कुठे लाडिकपणा नाही. पण मागच्या महिन्यात सलग दोनतीनदा ऐकल्यावर वाटलं की बाप जे सांगायचं ते सांगून मोकळा होतो, आणि मुलगा मात्र प्रत्येक वाक्य कुणीतरी तपासणार आहे अशा ताणाने वाजवून घेतो. हा माझा कल्पनाविलासही असेल म्हणा. वडिलांचं मोनो आहे, सगळं एकाच जागेवरून येतं, त्यामुळे फेकाफेकी नाही मिळणार, पण बासून आणि क्लॅरिनेट ही फुंकवाद्यं इतकी स्वच्छ ऐकू येतात की मोनो आहे हे विसरायला होतं.

आता भांडण. माझी पाचवीची पहिली ओळख एका कॅसेटवर, मैत्रिणीने भरून दिलेली, आणि तिच्या पहिल्या बाजूची टेप नेमकी तिसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटी संपायची. तिथे तंतुवाद्यं एक सूर अगदी हळू धरून बसलेली असतात आणि खाली टिंपनी, म्हणजे नगारे, टक टक टक करत असते, अंधारात कुणी दारावर बोट आपटावं तशी. बस, तिथे खट्! उठून कॅसेट उलटवली की मग चौथी मूव्हमेंट धडाक्यात सुरू. कित्येक वर्षं मला वाटायचं ते दोन वेगळे तुकडे आहेत. मग सीडीवर कळलं की मध्ये थांबायचंच नसतं, त्या टकटकीवरून व्हायोलिन हळूहळू वर चढतात आणि शेवटच्या काही बारमध्ये आवाज फुगत जाऊन सी मेजर ही उजळ स्वरपट्टी फुटते, आणि तीन मूव्हमेंट नुसते बसून राहिलेले ट्रॉम्बोन (पितळी वाद्य) आणि पिकोलो (छोटी बासरी) तिथे पहिल्यांदा तोंड उघडतात. त्या दिवशी मी खुर्चीतून उठलेच नाही.

तर त्या जागी कार्लोस मला जरा घाई करतो असं वाटतं. तिथे मला फुर्टवेंगलरच हवा, २७ मे १९४७, बर्लिन. नाझी काळात तो जर्मनीतच राहिला होता, युद्धानंतर चौकशी होऊन सुटल्यावर आपल्या बर्लिन फिलहार्मोनिकसमोर परत उभा राहिला त्या पहिल्या दिवसांतलं हे रेकॉर्डिंग. त्या माणसाबद्दल लोक अजून भांडतात, भांडूदेत. आवाज जुनाट आहे, पण ती टिंपनी ऐक, आता काही उजाडत नाही असं वाटायला लावतो, आणि शेवटी शेवटी तर असा सुसाट सुटतो की ऑर्केस्ट्रा मागे राहते की काय.

कंडक्टर गार्डिनरचंही एक आहे, १९९४ चं, बेथोवनच्या काळच्या वाद्यांवर आणि बेथोवनने स्वतः लिहून ठेवलेल्या वेगाच्या, म्हणजे मेट्रोनोमवर मिनिटाला १०८ ठोक्यांच्या, आसपास. मस्त आहे, झाडून काढलेल्या घरासारखं, पण पहिलं म्हणून नको. आणि निकिश या त्याहून जुन्या कंडक्टरचं १९१३ चं, मायक्रोफोन यायच्या आधीचं, ते मी आजारी असले की ऐकते, तू कशाला.

एक सेटिंग मात्र बघ. ॲपमध्ये शफल बंद कर आणि गॅपलेस (मध्ये न थांबता वाजणं) चालू कर, नाहीतर तिसऱ्या आणि चौथ्या मूव्हमेंटच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता घुसते आणि माझ्या कॅसेटची गत होते. रविवारी लावणार असशील तर सकाळी सांग, मीही इकडे लावते, आणि तेवढा वेळ फोन करत नाही.

तुझी,
आई